दोनदा नशामुक्ती केंद्रातून आलेल्या भावाला या वेळी किती महिने ठेवायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा धागा लागेल. तुम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहता. धाकटा भाऊ २६ वर्षांचा. चार वर्षांपासून पन्नीवर (चमकदार पातळ कागदावर तापवून) ब्राउन शुगर ओढतो, अधूनमधून गोळ्याही घेतो. दोनदा खासगी नशामुक्ती केंद्रात तीन-तीन महिने राहून आला आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा सुरू झाला. आता आई म्हणते सहा महिने ठेवा, केंद्राची माणसं रात्री गाडी घेऊन येतात आणि घेऊन जातात. काका म्हणतात पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात पाठवा. आणि तुम्ही विचारता की किती दिवस ठेवलं म्हणजे पक्कं सुटतं, आणि आत नेमकं होतं काय.

मी व्यसनमुक्तीच्या उपचारांतच काम करते, म्हणून स्पष्ट लिहिते. तुमच्याच प्रश्नात एक गोष्ट आहे जिच्यावरून नजर हटवू नका. आत असताना दोन्ही वेळा नव्वद-नव्वद दिवस त्याने काही घेतलं नाही. जे मोडलं ते घरी आल्यावर, पहिल्या सात दिवसांत. मग आतले दिवस दुप्पट करून बाहेरचा आठवडा कसा सुधारेल? सहा महिन्यांनंतरही तो त्याच खोलीत, त्याच फोनसकट, त्याच मित्रांच्या गल्लीत येणार, आणि त्या आठवड्यासाठी तिसऱ्यांदाही कोणी काही ठरवलेलं नसेल. म्हणून माझ्या उत्तराचा मोठा भाग केंद्रातून परत येण्याबद्दल आहे.

किती दिवस लागतील हे कशावर अवलंबून असतं, तेही सांगते. रोज किती पुड्या, ओढतो की सुई घेतो, बरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या आहेत का, नशेच्या आधीपासून उदासी किंवा भीतीचा आजार होता का, कामधंदा उरला आहे का, आणि घरात त्याच्याशी शांतपणे बोलणारं निदान एक माणूस आहे का. यातल्या दोन-तीन गोष्टी वाईट असतील तर दोन-तीन महिने निवासी राहणं उपयोगाचं ठरतं. नोकरी टिकून आहे, घरचे सोबत आहेत, सुई नाही, अशा पुष्कळ मुलांना भरती न करताही ओपीडीतून औषध सुरू करता येतं. हे भाऊ डोळ्यांसमोर बसल्याशिवाय कोणी ठरवू नये, मीही नाही.

आता आत काय होतं ते. ब्राउन शुगर, म्हणजेच स्मॅक, हे भेसळीचं हेरॉइन. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत सुरुवात होते: जांभया, डोळ्यांना-नाकाला पाणी, अंगावर काटा, अस्वस्थपणा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं शिगेला पोहोचतं. पोटात पिळे, जुलाब, उलट्या, हाडं आतून कोणी पिळतंय असं दुखणं, पाय सारखे झटकणं, आणि झोप नाही म्हणजे नाहीच. पाच ते सात दिवसांत शरीराचा हा भाग ओसरतो. सुदृढ तरुण माणूस यात सहसा दगावत नाही. पण जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होऊन हाल होतात, आणि त्या हालांची धास्ती हेच त्याचं पुन्हा पुडीकडे जाण्याचं कारण असतं. 'भोगू दे, म्हणजे धडा मिळेल' हा विचार इथे उलटा पडतो. जो जास्त भोगतो तो केंद्राचं नाव काढलं की पळतो, धडा कोणी शिकत नाही.

एक गोष्ट मात्र इथेच थांबून तपासा. त्या 'गोळ्या' कोणत्या? अल्प्राझोलम किंवा नायट्राझेपाम अशा झोपेच्या गोळ्या असतील आणि तो रोज घेत असेल, तर त्या एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते. त्या हळूहळू, डॉक्टरांनी ठरवलेल्या गतीनेच कमी करायच्या असतात. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी असेल तर जास्त डोसात तिनेच फिट येते. दारू रोजची असेल तर ती बंद केल्यापासून पहिले दोन-चार दिवस जिवाला धोका असतो. आधी हात थरथरतात, फिट येते, मग भास आणि बडबड. अशा माणसाला बंद खोलीत ठेवून 'उतरू द्या' म्हणणं जिवावर बेतू शकतं. भरतीच्या वेळी रिकाम्या पट्ट्या सोबत न्या. नुसतं 'झोपेच्या गोळ्या घेतो' असं सांगून भागत नाही.

चांगल्या ठिकाणी पहिल्या दिवशी बराच वेळ विचारपूस होते: शेवटचं कधी घेतलं, किती, कशातून. लघवीची पट्टीवरची तपासणी, बीपी, वजन, लिव्हरच्या तपासण्या, शिवाय एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. सुई नसली तरी या करून घ्याव्यात. हिपॅटायटिस सी निघाला तर घाबरू नका. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याच्या गोळ्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात, आणि बहुतेकांचा कोर्स १२ आठवड्यांचा असतो.

त्रास कमी करायला दोन मार्ग आहेत. पहिल्यात क्लोनिडीन, दुखण्याची गोळी, जुलाबाची गोळी, ओआरएस देऊन आठवडा काढतात. क्लोनिडीनने बीपी खाली जातं, म्हणून प्रत्येक डोसाआधी बीपी मोजायलाच हवं. जिथे बीपीचं यंत्रच दिसत नाही तिथे हे औषध चालू असेल तर काळजी करा. दुसरा मार्ग ब्युप्रेनॉर्फिनचा, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत मला तोच महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवायची गोळी आहे. हेरॉइन मेंदूत जिथे जाऊन बसतं तिथेच ही बसते, घट्ट बसते, पण जागा अर्धवटच चालू करते. त्यामुळे अंग तुटत नाही, ओढ खाली येते, आणि डोस वाढवत नेला तरी एका मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही. हेरॉइनचा माणूस दिवसातून अनेकदा वर-खाली होतो. या गोळीवर तो दिवसभर एकाच पातळीवर राहतो आणि कामाला जाऊ शकतो. सुरुवात करताना एकच चूक फार महागात पडते: हेरॉइन अजून अंगात असताना गोळी दिली, तर ती हेरॉइनला जागेवरून हुसकावून लावते आणि अर्ध्या तासात जबरदस्त त्रास सुरू होतो. मग मुलगा म्हणतो, 'मला या गोळीची ॲलर्जी आहे.' ती ॲलर्जी नसते, घाई असते. म्हणून शेवटच्या पुडीनंतर निदान आठ-बारा तास जाऊन, जांभया-पाणी-काटा दिसायला लागल्यावर, डॉक्टर साधारण २ ते ४ मिलिग्रॅमचा पहिला डोस देतात, थोडा वेळ बघतात आणि पहिल्या दिवशी सहसा ८ पर्यंत जातात. गोळी पाच-दहा मिनिटं जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची. गिळली तर फुकट जाते. तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाणी प्यायचं. गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नाही, चहा-विडी नाही.

इथे प्रत्येक घरात तोच प्रश्न येतो: 'म्हणजे एक नशा सोडून दुसरी?' मनापासून विचारलेला प्रश्न आहे, म्हणून सरळ उत्तर देते. शरीराला गोळीची सवय राहते, हे खरं. पण व्यसनात माणूस दिवसभर पैशाच्या मागे, पुडीच्या मागे, खोटं बोलण्याच्या मागे असतो. गोळीवरचा माणूस सकाळी दहा मिनिटं देतो आणि दिवस मोकळा होतो. फक्त आठ-दहा दिवस ही गोळी देऊन बंद केली की बहुतेक जण पुन्हा घसरतात. वर्षभर किंवा त्याहून जास्त चालू ठेवली तर टिकण्याची आणि जिवंत राहण्याची शक्यता खूप वाढते. आणि डोस कमी ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. घरच्यांना वाटतं कमी म्हणजे चांगलं. संध्याकाळी पाच वाजता अंग तुटायला लागलं, तर तो सहा वाजता कुठे जाईल हे तुम्हाला माहीतच आहे.

तुमच्या लिहिण्यात दोन्ही वेळच्या केंद्रात असं कुठलंच औषध पुढे चालू ठेवल्याचा उल्लेख नाही. तसं असेल, तर तुमच्या भावावर नशामुक्तीचे उपचार दोनदा फसले असं मी म्हणणार नाही. निम्मे उपचार दोनदा झाले.

आपल्या माळव्यात एक घरगुती सल्ला हमखास मिळतो, तो इथेच खोडून काढते. मंदसौर, नीमच, रतलामकडे सरकारी परवान्यावर अफू पिकते. त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांना अफू परकी वाटत नाही, आणि कोणीतरी सांगतं, 'थोडा डोडा (अफूच्या बोंडांची वाळलेली टरफलं) उकळून द्या, अंग दुखणार नाही.' दुखणार नाही हे खरंच आहे, कारण डोड्यातही तेच मॉर्फिन आहे. पण कुठल्या डोड्यात किती हे कोणालाच माहीत नसतं, आणि डोस मोजता येत नाही ते औषध होऊ शकत नाही. शिवाय ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे.

शरीर सावरल्यानंतरचे आठवडे कसे जातात, हे घरच्यांना आधी माहीत असेल तर बऱ्याच चुका टळतात. दुसऱ्या आठवड्यात भूक परत येते. मुलगा चार-चार पोळ्या खातो, वजन चढतं, गाल भरतात, आणि फोनवर म्हणतो, 'मी एकदम ठीक आहे, मला न्या.' तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. पण तेव्हा फक्त शरीर सावरलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मन उघडं पडतं: विकलेलं आईचं मंगळसूत्र, बुडालेली परीक्षा, वडिलांवर उचललेला हात, सगळं आठवायला लागतं. रडू येतं, चिडचिड होते. स्वप्नात पन्नी ओढतो आणि घाबरून घामाघूम उठतो, 'मी घेतली का?' म्हणून. ही स्वप्नं जवळजवळ सगळ्यांना पडतात. ती मोडल्याची खूण नाही. झोप मात्र बिघडलेलीच राहते, काहींची दोन-तीन महिने. 'झोप येत नाही' हे ढोंग समजू नका, आणि बाजारातून झोपेची गोळीही आणून देऊ नका. दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो: तोच प्राणायाम, तेच गट, तीच झाडलोट. तिसऱ्या महिन्यात उलट, फाजील आत्मविश्वास. 'आता समोर ठेवली तरी शिवणार नाही' असं बोलणाऱ्या मुलाची मला घाबरत घरी जाणाऱ्या मुलापेक्षा जास्त काळजी वाटते. घाबरणारा रस्ता बदलतो.

या काळात गटचर्चा, वैयक्तिक समुपदेशन आणि घरच्यांच्या बैठका, हे तिन्ही व्हायला हवं. समुपदेशनात 'नशा वाईट' हे शिकवायचं नसतं, ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्याच्या घसरण्याची नेमकी साखळी उलगडायची असते: घरी आल्याच्या चौथ्या दिवशी काय झालं, कोणाचा फोन आला, खिशात किती पैसे होते, कुठून गाडी वळवली, पन्नी हातात येण्याआधीच्या तासाभरात मनात काय चाललं होतं. त्याच्याकडे दोन घसरणींची माहिती आहे. ती कोणी लिहून घेतली होती का? नसेल, तर या वेळी पहिलं काम तेच.

केंद्र निवडताना जाहिरात किंवा फी बघू नका. दिवसा, न कळवता जा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. व्यसनाचे आजार या कायद्यात येतात. मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, रात्री फिट आली तर कोण बघतं, औषधं कोण लिहून देतं, हे विचारा. संडास आणि स्वयंपाकघर पाहा. आत असलेल्या एका-दोघांशी कर्मचारी जवळ नसताना बोलू देतात का, ते बघा. 'पहिले दोन महिने फोन नाही, भेट नाही' असं सरसकट सांगितलं, तर तिथून निघा. सुरुवातीचे काही दिवस भेट टाळणं समजू शकते. महिनोन्‌महिने आई-बहिणीला दिसू न देण्यामागे उपचाराचं काही कारण नसतं. जुन्या पेशंटांच्या हातात काठी देऊन नव्यांवर शिस्त लावणं, डोकं भादरणं, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं याला काही ठिकाणी 'प्रोग्राम' म्हणतात. साखळीने बांधणं तर याच कायद्याने कुठल्याही स्वरूपात मना आहे.

आणि ती रात्रीची गाडी. ताई, कृपा करून हे करू नका. त्याच्या मनाविरुद्ध भरती करण्याची वाट कायद्यात आहे, पण तिच्या अटी आहेत: जिवाला धोका किंवा स्वतःची काळजी घेता न येण्याइतकी अवस्था हवी, मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी त्याला वेगवेगळं तपासलेलं हवं, त्याच्या प्रतिनिधीचा अर्ज हवा, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. त्यापुढे पुन्हा तपासणी आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची मंजुरी लागते. चार माणसांनी गादीतून उचलून न्यायचं आणि सहा महिने कुलपात ठेवायचं, हे त्यात कुठेच बसत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या रात्री आईने दार उघडून दिलं ती रात्र हा मुलगा विसरत नाही, आणि पुढे घसरल्यावर ज्या माणसाला त्याने पहिला फोन करायला हवा, तिच्यापासूनच तो लपतो.

पोलिसांची भीती असेल तर एवढं लक्षात ठेवा: १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम ६४-अ अशा व्यसनी माणसासाठीच आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला माणूस (हेरॉइनसाठी ही मर्यादा ५ ग्रॅम) सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेत असेल, तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. प्रत्यक्ष केस असेल तर वकिलाशी बोला.

पुणे की इंदूर? मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय, मराठीतून बोलणारं ठिकाण आहे, आणि तुमच्या भावाला मनातलं मराठीत सांगणं सोपं जात असेल तर त्याचं मोल आहेच. ओळखीच्या गल्लीपासून लांब गेल्याने सुरुवातीचे दिवसही सोपे जातात. अडचण अशी की परत तो इंदूरलाच येणार. पुण्याला पाठवलंत, तरी इथला डॉक्टर आधी ठरलेला असू द्या आणि पुण्याहून निघण्यापूर्वी दोघांचं बोलणं होऊ द्या. इंदुरात सरकारी उपचारांसाठी एमवाय रुग्णालय आणि बाणगंगेचं मानसिक रुग्णालय ही दोन ठिकाणं एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली आहेत; सुरुवात तिथल्या ओपीडीत करा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. ब्युप्रेनॉर्फिनचं सरकारी केंद्र जवळ कुठे चालू आहे, हे १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारता येतं.

आता घरी येण्याचा आठवडा, आणि आधी त्यातला सगळ्यात मोठा धोका. तीन महिने काही न घेतल्याने शरीराची सहनशक्ती गेलेली असते. हात मात्र जुन्याच मापाने घेतो. पूर्वी दिवसाला चार पुड्या पचवणारा मुलगा केंद्रातून आल्यावर एक-दोन पुड्यांत श्वास थांबून जाऊ शकतो, त्यात दारू किंवा अल्प्राझोलम असेल तर आणखी लवकर. तुमचा भाऊ दोनदा या टप्प्यातून वाचला आहे. हे त्याला घरी आणण्यापूर्वी, त्याच्यासमोर, न रागावता सांगायला हवं. 'घेशील' असं म्हणायचं नाही. 'घेतलीसच तर जुनं माप आता तुला मारेल, आणि एकटा, दार लावून घेऊ नकोस' असं सांगायचं. घरच्यांना हे वाक्य उच्चारणं फार जड जातं, कळतं मला. तरी उच्चारा.

ओळखायचं कसं: हाक मारली, छातीच्या हाडावर मुठीने चोळलं तरी उठत नाही, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली किंवा घोरल्यासारखा घरघरता, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. लगेच १०८. श्वास नसेल किंवा अगदी मंद असेल तर हनुवटी वर करून, नाक दाबून, दर पाच सेकंदांनी एक असा तोंडाने श्वास द्या. नाडी लागत नसेल तर छातीवर दाब. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. मिठाचं पाणी, दूध, ताक, गार पाण्याची आंघोळ यातलं काही नको, त्यात वेळ जातो आणि ठसका लागतो. रुग्णालयात 'स्मॅक घेतो' हे पहिल्या वाक्यात सांगा; लाजेने 'चक्कर आली' सांगू नका. नॅलोक्सोन या हेरॉइनवरच्या उताऱ्याचं इंजेक्शन मिनिटांत शुद्धीवर आणतं, पण त्याचा असर तास-दीड तासात ओसरू शकतो आणि श्वास पुन्हा मंदावतो. म्हणून उठून बसला तरी लगेच घरी आणायचं नाही.

बाकीची तयारी केंद्रातून घरी येण्याच्या तीन आठवडे आधी सुरू करा. नवं सिम, जुना फोन बंद. पुडीवाल्याचे नंबर तोंडपाठ असतात हे खरं, पण त्याचे फोन येणं तरी थांबतं. पन्नी, लायटर, लपवलेल्या पुड्या: खोली त्याला विचारून, तो येण्याआधी साफ करा, गादीची शिवण आणि पंख्याचा वरचा कप सुद्धा बघा. आठवडाभर हातात रोख रक्कम नको, लागेल ते बरोबर जाऊन घ्यायचं. हे त्याच्याशी आधी बोलून ठरलेलं असलं तर अपमान वाटत नाही. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ओपीडीची वेळ ठरलेली हवी, पुढच्या सोमवारी वगैरे नाही. गोळी रोज सकाळी पोह्यांच्या आधी, एका ठरलेल्या माणसासमोर, जिभेखाली. उरलेली पट्टी कुलपात, कारण घरात लहान मूल असेल तर एक गोळीही त्याच्या जिवावर बेतते. दिवसाचे तास भरलेले असावेत, पण पहिल्याच आठवड्यात बाबांच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसवू नका. संध्याकाळी एनए म्हणजे नार्कोटिक्स ॲनॉनिमसची सभा मिळाली तर सोबत नेऊन सोडा.

ओढ आली तर ती सहसा पंधरा-वीस मिनिटांत शिगेला जाऊन उतरते. त्या वेळी त्याने कोणाला फोन करायचा, कुठल्या रस्त्याने चालायला जायचं, हे आधी कागदावर लिहिलेलं असावं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी ती जास्त येते. म्हणून जेवणाची वेळ सांभाळा, आणि जुना हिशोब रात्री दहानंतर काढू नका.

तरीही घसरला तर? एकदा घेणं आणि पुन्हा पूर्ण सुरू होणं यात दोन-तीन दिवसांचं अंतर असतं, आणि सगळं त्या अंतरात ठरतं. नशेत असताना जाब विचारू नका, उतरल्यावर बोला. घराबाहेर काढू नका. चोवीस तासांत डॉक्टरांकडे न्या, गोळीचा डोस बघू द्या. घरी लघवी तपासण्याचे किट आणून रोज परीक्षा घेऊ नका. ते काम दवाखान्याचं, बहिणीचं नाही. एक तांत्रिक गोष्टही सांगते: हेरॉइन लघवीत साधारण दोन-तीन दिवसच दिसतं, त्यामुळे 'निगेटिव्ह' पट्टीने निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

तुम्ही शेवटी सहज लिहिलं आहे की आत्या स्थळ बघते आहे, 'लग्न झालं की जबाबदारी येईल'. निदान वर्षभर तो विषय बंद ठेवा. आणि नंतरही मुलीकडच्यांपासून हे लपवून लग्न लावू नका. एका मुलाच्या उपचाराचं ओझं कुणाच्या तरी नकळत त्यांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

पुढचं नेमकं सांगायला मला चार गोष्टी हव्यात: सध्या दिवसाला किती पुड्या आणि शेवटची कधी घेतली, त्या गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव, सुई कधी घेतली आहे का, आणि मागच्या दोन्ही वेळा केंद्रातून निघताना हातात कुठला कागद किंवा औषध दिलं होतं का. शक्य असेल तर हे त्यालाच विचारून लिहा, आणि का विचारताय तेही त्याला सांगा. आज-उद्या तो स्वतःहून ओपीडीत यायला तयार असेल, तर सकाळची पुडी न घेता, रिकाम्या पट्ट्यांसकट घेऊन या. पण रोजची दारू असेल तर ती तुम्ही घरीच एकदम बंद करू नका, आधी दाखवा.